ऊसतोडीचं स्थलांतर, लोकसंख्या आणि गरिबी: कोल्हापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर कारखान्यांनी मोळी टाकली, म्हणजे गाळप हंगाम सुरू केला, की पाणंदीच्या कडेला, माळावर, ओढ्याच्या काठाला खोपटी उभी राहतात, आणि ग्रामपंचायतीत, शाळेत, रेशन दुकानात तेच ते प्रश्न यायला लागतात. शिक्षक, सरपंच, अंगणवाडी ताई, ऊस उत्पादक, ट्रॅक्टर मालक आणि अभ्यास करणारी मुलं जे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

बाहेरून एवढी माणसं येतात. त्यामुळे कोल्हापूरची लोकसंख्या फुगते आहे का?

नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३५,२३,१६२ होती, २०११ मध्ये ती ३८,७६,००१ झाली. दहा वर्षांत साधारण १० टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढला. म्हणजे हंगामात बाहेरची माणसं दिसत असली तरी जिल्ह्याची वाढ राज्यापेक्षा मंदच आहे. घाट उतरला की चित्र आणखी वेगळं: रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या त्या दशकात चक्क घटली.

जन्मदरही उतरला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतो. तेव्हा ‘लोकसंख्येचा स्फोट’ हा शब्द आता आपल्या भागापुरता तरी मागे ठेवावा. पुढच्या वीस वर्षांत इथला प्रश्न म्हाताऱ्यांना बघायला माणूस कोण, आणि उसाच्या फडात, फाउंड्रीत, यंत्रमागावर काम करायला माणूस कुठून, असा असेल.

मग कोल्हापुरातून बाहेर कोण जातं?

पुष्कळ. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसं गेली. गिरणीत बदली कामगार म्हणून लागायचं, गावच्या खोलीत पथारी टाकायची, गणपतीला आणि यात्रेला परत यायचं. १९८२ च्या संपानंतर त्यातली बरीच कुटुंबं गावाकडे परतली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी आजही या तालुक्यांतून मोर्चे निघतात. आता चंदगडची पोरं गोव्याला आणि बेळगावला जातात, शहरातली शिकलेली पोरं पुण्याला. जिल्हा एका हाताने माणसं देतो आणि दुसऱ्या हाताने घेतो. हे लक्षात असलं की ‘परके आले’ ही भाषा जरा जपून वापरली जाते.

गावात पोरांना मुली मिळत नाहीत. याचा स्थलांतराशी काही संबंध?

थोडा आहे, पण मुख्य कारण घरातलं आहे. २००१ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८६३ झाल्या. २००१ ला जी पोरं सहा वर्षांच्या आतली होती, तीच आता पंचविशी-तिशीत लग्नाला उभी आहेत. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्या आता मांडवात कुठून येणार? त्यात शेतकरी नवरा नको म्हणून मुलीही शहराकडे बघतात. मग कर्नाटकातून, विदर्भातून सोयरिकी होतात. त्यातल्या काही एजंटामार्फत, पैसे मोजून होतात आणि त्यात फसवणूकही होते. मुलीचं वय अठरा पूर्ण आहे का आणि ती राजीखुशीने येते आहे का, याची कागदानिशी आणि तिच्याशी एकटीने बोलून खात्री करा. लग्नाची रीतसर नोंदणी त्याच आठवड्यात करा.

ऊसतोडीला लोक कुठून येतात आणि का?

बीड जिल्ह्याचा डोंगरपट्टा (धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी), नगरचा पाथर्डी भाग, सांगलीचा जत आणि कर्नाटकातला विजयपूर (विजापूर). सगळा अवर्षणग्रस्त मुलूख. जमीन असते, पण ती एका खरिपावर जगते. बाजरी-कापूस निघाला की ऑक्टोबरपासून पुढे हाताला काम नाही, विहिरीला पाणी नाही. नेमक्या त्याच वेळी पंचगंगा, वारणा, दूधगंगेच्या काठावर ऊस तुटायला येतो. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट रुळली.

सगळेच बाहेरचे नसतात. राधानगरी, भुदरगड, चंदगडकडच्या स्थानिक टोळ्याही आहेत. त्यांना आपल्याकडे फडकरी म्हणतात. फरक एवढाच की त्यातल्या अनेकांचं रेशन आणि पोरांची शाळा हाकेच्या अंतरावर असते. बीडहून आलेल्या माणसाचं तसं नसतं: माणूस इथे आणि त्याचे सगळे हक्क शेकडो किलोमीटरवर. खालच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

‘लाखभर उचल घेतात, तरी गरीब कसे?’

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून हिशोबच मांडू.

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी, बहुधा गणपती ते दसऱ्याच्या दरम्यान, टोळी जमवणारा मुकादम कोयत्याला उचल (आगाऊ रक्कम) देतो. ती बक्षीस नसते, पुढच्या कामाच्या मजुरीतून फेडायची असते. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात ३४ टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला साधारण २७३ रुपयांवरून ३६६ च्या घरात गेला. मुकादमाचं कमिशन याच्या वर वेगळं असतं.

आता उदाहरण धरा. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून गाडी भरली.

दिवसाची मजुरी: २ × ३६६ = ७३२ रुपये.
कामाचे दिवस १२० धरले तर: ८७,८४० रुपये.
आठवड्याला हजार रुपये खर्ची (किराणा, तेल, दवाखाना) उचलली, तर १७ आठवड्यांचे: १७,००० रुपये.
उरले: ७०,८४० रुपये.
उचल होती: १,००,००० रुपये.
बाकी: २९,१६० रुपये.

ही बाकी पुढच्या हंगामावर चढते. म्हणजे चार-पाच महिने पहाटे चारला उठून दोन माणसांनी काम केलं आणि शेवटी देणंच राहिलं. रोख हातात येते ती वाढ्यांच्या, म्हणजे चाऱ्याला जाणाऱ्या उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या विक्रीची. रोजची मीठ-मिरची त्यावरच निघते.

यात १२० दिवस सरळ धरले आहेत, पण ते क्वचितच मिळतात. अवकाळी पाऊस झाला की फडात गाडी जात नाही. कारखान्याचा काटा बंद पडला की गाड्या दोन-दोन दिवस खोळंबतात. एक फड संपून दुसरा मिळेपर्यंत दिवस जातो. बाई आजारी पडली तर खाडा पडतो: त्या दिवसाची मजुरी जाते आणि अनेक टोळ्यांत वर दंडही लागतो. शिवाय उचल खर्च कशावर झालेली असते, तर मागची बाकी, आजारपण आणि लग्न. ‘दारूत उडवतात’ हे उत्तर सोपं आहे, पण वरच्या हिशोबात दारूचा एक रुपयाही धरलेला नाही, तरी बाकी निघालीच.

मजुराने हिशोब कसा ठेवावा?

शंभर पानी वही आणि मोबाईल एवढं पुरे. उचल घेतली त्या दिवशी तारीख, रक्कम, रोख की खात्यावर, आणि मुकादमाची सही. दर खेपेची वजन पावती गाडीवाल्याकडे असते. तिचा फोटो काढून घ्या: गाडी नंबर, तारीख, निव्वळ वजन. त्या खेपेला किती कोयते होते ते वहीत लिहा, कारण टनाची वाटणी कोयत्यावर होते आणि घोळ तिथेच होतो. खर्ची घेतली की त्याच दिवशी नोंद. दर पंधरवड्याला मुकादमाच्या वहीशी ताळा घाला. हंगाम संपल्यावर सगळा हिशोब एकदम काढायला बसलात तर वहीवाला सांगेल तेच खरं ठरतं.

बायकोचं काम नवऱ्याच्याच नावावर लागतं. वहीत दोघांची नावं लिहा. अपघात झाला तर ‘ती कामाला होती’ हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

मुकादम उचल घेऊन पळाला. ट्रॅक्टर मालकाने काय करावं?

कोल्हापुरात हे दुखणं मोठं आहे. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार कर्ज काढून मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयते बांधतो. साखळीत चार कड्या आणि कागद फक्त पहिल्या दोन कड्यांमध्ये. मग टोळी दुसऱ्याच कारखान्याला जाते आणि ट्रॅक्टर मालकाचे हप्ते दारात उभे राहतात. यात गावातली कष्टाळू पोरं उद्ध्वस्त झाली आहेत.

पैसे देण्याआधी: मुकादमाच्या गावी स्वतः जा, नुसत्या फोनवर व्यवहार नको. प्रत्येक कोयत्याचं नाव, आधार आणि मागच्या हंगामात तो कुठे होता, हे विचारा. एकच कोयता तीन मुकादमांनी दाखवलेला असतो. करारनामा मुद्रांकावर करा, दोन साक्षीदार त्याच गावचे घ्या. रक्कम खात्यावर आणि टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा मोठा टप्पा टोळी फडावर उतरल्यावर. जमेल तिथे थेट मजुराच्या खात्यावर द्या. त्याने तुमचाही पुरावा राहतो आणि त्याचाही.

फसवणूक झाली तर ज्या हद्दीत पैसे दिले तिथल्या ठाण्यात फिर्याद द्या. पण एक गोष्ट अजिबात करू नका: मुकादमाचा राग मजुरावर काढून त्याच्या माणसांना डांबून ठेवणं. तो वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ही कुटुंबं दारिद्र्यरेषेच्या खाली धरायची की वर?

कोणत्या रेषेने मोजता त्यावर आहे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली ग्रामीण महाराष्ट्राची रेषा दरडोई महिना ९६७ रुपये होती. पाच जणांच्या घराला ४,८३५ रुपये. तिच्यावर थोडं डोकं निघालं की माणूस ‘गरीब नाही’ ठरायचा.

नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक पैशाऐवजी उणिवा मोजतो: आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान, मिळून १२ निकष. प्रत्येकाला वजन आहे आणि उणिवांची बेरीज एक तृतीयांश, म्हणजे ०.३३ किंवा जास्त झाली की कुटुंब गरीब. या मापाने महाराष्ट्रातलं प्रमाण २०१५-१६ मधल्या १४.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८ टक्क्यांवर आलं. सुधारणा खरी आहे.

आता हेच माप पाणंदीवरच्या खोपटाला लावून बघा. स्वयंपाक पाचट-लाकडावर, संडास नाही, स्वच्छ पाणी जवळ नाही, वीज नाही, भिंती ताडपत्रीच्या. राहणीमानाच्या सात निकषांपैकी पाच उणे, प्रत्येकाचं वजन २१ वा भाग, म्हणून ५/२१ = ०.२४. एक मूल शाळेबाहेर असेल तर आणखी एक षष्ठांश, म्हणजे ०.१७. बेरीज ०.४१. कुटुंब गरीब. त्याच कुटुंबाचं गावाकडचं घर मात्र पक्कं असतं, संडास असतो, वीज असते. जूनमध्ये मोजलं तर गरिबीबाहेर, जानेवारीत मोजलं तर आत. घरोघरच्या पाहण्या घरांच्या यादीवर चालतात आणि खोपटी यादीत नसतात, म्हणून जानेवारीची गरिबी सहसा कागदावर येतच नाही.

त्यांचं रेशन इथे मिळतं का? दुकानदार ‘तुमच्या गावाला जा’ म्हणतो.

मिळतं. एक देश एक रेशनकार्ड व्यवस्थेत राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालचा लाभार्थी देशातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेऊ शकतो. बीडचं कार्ड कोल्हापुरात, बिहारचं कार्ड इचलकरंजीत. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, कुणी पैसे मागत असेल तर ते बेकायदा आहे.

रीत अशी. कार्डाचा बारा अंकी क्रमांक किंवा कार्डातल्या कुणाचाही आधार क्रमांक दुकानात सांगा. दुकानदार तो ई-पॉस यंत्रावर टाकतो, नावं आणि शिल्लक धान्य दिसतं. एकाने अंगठा द्यायचा. यंत्रातून पावती निघते, पावतीवरचे किलो आणि पोत्यातले किलो जुळवून घ्यायचे. मूळ गावी आजी-आजोबा राहत असतील तर त्यांचा वाटा तिकडे आणि आपला इकडे, असं विभागूनही उचलता येतं.

अडतं कुठे, तर पहिलं अंगठ्याला. उसाच्या पाल्याने आणि कोयत्याने बोटं इतकी चिरलेली असतात की ठसा उमटत नाही. साबणाने हात धुऊन, थोडं तेल चोळून, कोरडं करून दुसरं बोट लावा. नाहीतर कार्डातल्या दुसऱ्या माणसाला आणा. डोळ्याचं यंत्र किंवा मोबाईलवरचा संकेतांक (ओटीपी) हाही मार्ग आहे, फक्त मोबाईल आधारला जोडलेला हवा. दुसरं, ई-केवायसी झालेली नसते आणि नाव थांबलेलं असतं. ती कोणत्याही दुकानात यंत्रावर करता येते, त्यासाठी गावी जाण्याची गरज नाही. तिसरं, नव्या सुनेचं आणि बाळाचं नाव कार्डात नसतं. हे मात्र मूळ तालुक्याकडूनच होतं, म्हणून निघण्याआधी करून घ्यायचं. चौथं, दुकानदाराकडे खरोखर माल संपलेला असतो, कारण नियतन (महिन्याचा ठरलेला धान्यसाठा) त्याच्या नेहमीच्या कार्डांवर येतं. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा, आणि ‘आमच्या हद्दीत चाळीस खोपटी आहेत, माल वाढवून द्या’ असं पत्र सरपंचांनी तहसीलच्या पुरवठा शाखेला नोव्हेंबरातच द्यावं. एवढ्या एका पत्राने पुष्कळ काम होतं. नकार आला तर १९६७ या क्रमांकावर तक्रार.

मुलांना शाळेत घेण्यासाठी दाखला नसेल तर?

घ्यायचंच. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ नुसार दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही, आणि जानेवारी उजाडला म्हणूनही नाही.

महाराष्ट्रात त्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मूळ शाळेचे मुख्याध्यापक स्थलांतराआधी ते भरून देतात: मूल कितवीत, वाचन-गणितात कुठपर्यंत. इथल्या शाळेने ते बघून त्याच वर्गात बसवायचं आणि परत जाताना इथली हजेरी आणि प्रगती त्यात लिहून द्यायची. कार्ड आणलंच नसेल तर मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून विद्यार्थ्याचा ऑनलाइन क्रमांक मागा. गावाचं नाव कळलं की नंबर मिळायला पाच मिनिटं लागतात.

नोंद झाली तरी मूल टिकत नाही, याची कारणं साधी आहेत. खोपट शाळेपासून तीन किलोमीटरवर आणि मधे हायवे. आईबाप पहाटे फडात, त्यामुळे शाळेला धाडायला घरी कुणी नाही. नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ. शेवटच्या कारणावर शाळेतून तोड निघत नाही, अंगणवाडीतून निघते: धाकट्याला अंगणवाडीत घेतलं की मोठी आपोआप शाळेत येते. म्हणून शिक्षक आणि अंगणवाडी ताई यांनी तळावर एकत्रच जावं, टोळी उतरल्यावर आठ दिवसांच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, कारण दिवसा तिथे फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री असतात. पोरांना दुपारचं जेवण पहिल्या दिवसापासून द्या. पहिली ते पाचवीला शंभर ग्रॅम धान्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी ऑनलाइन नोंद पूर्ण होण्याची वाट बघण्याचं कारण नाही. विजयपूरकडची मुलं कन्नड बोलतात. वर्गात सीमाभागातलं एखादं कन्नड येणारं मूल असेल तर त्याच्या शेजारी बसवा.

मूल गावीच ठेवायचं असेल तर तिकडे हंगामी वसतिगृहं आहेत, शिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना. आपल्या वसतिगृहांच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. खेड्यातली पोरं शिकायची तर आधी राहण्याजेवणाची सोय हवी, हे शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे करून दाखवलं.

बायकांच्या तब्येतीबद्दल काय बघायचं? गर्भाशय काढण्याचं प्रकरण खरं आहे का?

खरं आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीत काम जड जातं, खाडा परवडत नाही, अंगावरून जातं, पोट दुखतं, आणि खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं. बहुतेक तक्रारींचं मूळ जंतुसंसर्ग आणि रक्तक्षय असतं. त्यावर औषध आहे. कुणीही शस्त्रक्रिया सांगितली तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) दुसरा सल्ला घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, तेव्हा उपचारासाठी उचल वाढवण्याची पाळी येऊ नये.

गरोदर बाई टोळीत असेल तर आशाताईंनी तीन गोष्टी विचाराव्यात: माता-बाल कार्ड आणलं आहे का, शेवटची पाळी कधी, आणि बाळंतपण इथे होणार की गावी. इथे होणार असेल तर १०८ चा नंबर आणि खोपटापर्यंतची वाट (कोणत्या शेताच्या बांधावरून, रात्री गाडी कुठपर्यंत येते) आधीच ठरवून ठेवा. उसाच्या पाणंदीत रात्री रुग्णवाहिका शोधत फिरते आणि वेळ तिथेच जातो. सर्पदंशालाही हेच लागू.

कोवळ्या मुलींचं लग्न लवकर उरकण्यामागेही कोयताच असतो. जोडीला पूर्ण उचल, एकट्याला अर्धी. अठरा पूर्ण नसलेली मुलगी नवऱ्याबरोबर तोडीला आलेली दिसली तर १०९८ ला कळवा.

बाकी फिटली नाही म्हणून कुटुंबाला जाऊ देत नाहीत. हे कायदेशीर आहे का?

नाही. आगाऊ रकमेपोटी माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कामावर अडकवणं म्हणजे वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि वेठबिगारीपोटीचं ते कर्ज कायद्यानेच रद्द होतं. घरातलं एखादं मूल किंवा बैलजोडी ‘तारण’ म्हणून ठेवून घेणंही यातच मोडतं.

तातडी असेल तर ११२. लेखी अर्ज तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे: कोण, कुठे, किती दिवस, किती उचल, कोण अडवतंय. सुटका झाल्यावर मुक्तता प्रमाणपत्र मागून घ्या, ते मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. पुनर्वसनाची रक्कम त्यावरच अवलंबून असते. पंचायतीत ‘मिटवून’ कुटुंबाला नुसतं गाडीत बसवून दिलं तर हा हक्क जातो.

मजुरांना मतदान इथे करता येईल का?

हंगामापुरतं आलेल्यांचं नाव गावीच राहतं आणि तिथेच मतदान. २० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा ऐन हंगामात आली होती. कायम राहायला आला असाल तर नमुना ८ भरून नाव हलवा.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आणि इचलकरंजीच्या मागावर परराज्यातले कामगार आहेत. त्यांना वेगळे नियम आहेत का?

आहेत. ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्या कामगारांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. आता त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. पण बीडहून कोल्हापूरला आलेला माणूस राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून त्या १९७९ च्या कायद्याने त्याला कधी पोटात घेतलंच नाही. विजयपूरची टोळी तुलनेने जवळून येऊन आंतरराज्य ठरते आणि धारूरची कितीतरी लांबून येऊन ठरत नाही. आमच्या मते त्या कायद्यातलं हेच सगळ्यात मोठं भोक होतं.

ऊसतोड्यांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि तेवढेच शासनाचे, असा त्याचा निधी. ओळखपत्र मूळ गावच्या ग्रामसेवकाकडे मिळतं. ते नसेल तर योजनेत नाव लागत नाही, म्हणून निघण्याआधी घ्या. १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांनी ई-श्रम नोंदणीही करावी. आधार, मोबाईल आणि बँक खातं लागतं, ठेकेदाराची सही लागत नाही.

तोडणी यंत्रं आली की हे स्थलांतर थांबेल का?

कमी होईल, लगेच थांबणार नाही. यंत्राला साडेचार-पाच फुटी सरी, मोठा सलग प्लॉट आणि वळायला जागा लागते. आपल्याकडे दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे, नदीकाठची ओली जमीन. आणि यंत्र आलं म्हणून धारूरच्या विहिरीला पाणी येत नाही. तिकडे दुसरं काम उभं राहिल्याशिवाय ती कुटुंबं फक्त दुसऱ्या शहराच्या वीटभट्टीवर जातील.

जनगणनेत ही माणसं कुठे मोजली जातात?

मोजणी फेब्रुवारीत होते आणि फेब्रुवारीत टोळ्या फडात असतात. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी हा काळ होता. त्या संपूर्ण काळात जो गावी नव्हता त्याला गावी मोजत नाहीत, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. खोपटात कुणी गेलंच नाही तर तो कुठेच नाही. पाहण्यांमध्येही असंच निसटतं: राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये हंगामी स्थलांतरित म्हणजे महिना ते सहा महिन्यांच्या आत कामासाठी बाहेर राहिलेला माणूस, असं धरलं. हंगाम लांबून सहा महिने ओलांडले की तोच माणूस व्याख्येबाहेर.

येत्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. म्हणजे मोजणी पुन्हा ऐन हंगामात. जानेवारी २०२७ मध्ये ग्रामपंचायतीने कारखान्याच्या शेती विभागाकडून तळांची यादी घ्यावी (कोणत्या गटात, किती कोयते, मुकादमाचा मोबाईल) आणि ती प्रगणकाच्या हातात द्यावी. बेघरांची मोजणी रात्री होते, तेव्हा वाट दाखवायला गावातला माणूस बरोबर हवा. कुटुंबांनी ‘आधीचं राहण्याचं ठिकाण’ आणि ‘येण्याचं कारण’ या प्रश्नांना गावाचं नाव आणि ‘काम’ असंच सांगावं. बायका सवयीने ‘लग्न’ किंवा ‘नवऱ्याबरोबर’ सांगतात आणि त्यांची मजुरी आकड्यातून पुसली जाते.

पट्टा पडला (गाळप हंगाम संपला), टोळी निघाली. त्या दिवशी काय करायचं?

बहुतेक टोळ्या रात्रीत सामान भरून पहाटे निघतात, म्हणून पट्टा पडायच्या चार दिवस आधी शेती विभागाकडून तारीख काढा. शाळेने हमी कार्डावर हजेरीचे दिवस आणि प्रगती लिहून, सही-शिक्क्यासह आईच्या हातात द्यावी. बापाच्या खिशातलं घामाने भिजतं. माता-बाल कार्डावर इथे दिलेल्या लसींच्या तारखा आणि पुढची तारीख लिहावी. मजुराने एकूण टन, एकूण खर्ची, बाकी किंवा येणं हे वहीत मांडून मुकादमाची सही घ्यावी. दर वाढीचा फरक नंतर येणार असेल तर तो कुणाच्या खात्यावर येणार हेही त्याच पानावर लिहून घ्यावं. आणि शेतकऱ्याने वाढ्यांचे पैसे द्यायचे राहिले असतील तर ते गाडी सुटायच्या आधी द्यावेत. ती रक्कम दोनशे-चारशेच असते, पण वाटेतला चहा-भाकरीचा खर्च त्यातूनच व्हायचा असतो.